बाबांना द्यायचे राहिलेले उत्तर

वडील गेले की माणूस देवाकडे वळतो, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ते किती अवघड असते, हे या पुस्तकाच्या पानोपानी दिसते. वसई-विरारच्या धर्मग्रामांतल्या मुलामुलींनी आपापल्या वडिलांच्या जाण्याविषयी इथे लिहिले आहे. मुलेमुली म्हणायचे एवढेच, त्यांतले काही जण आज स्वतः आजोबा-आजी आहेत. कुणी देवावर रागावले आहे. कुणी वर्षभर चर्चची पायरी चढलेले नाही. कुणाला दफनविधीतला एक शब्दही आठवत नाही, फक्त शेजारच्या काकांचा खांद्यावर पडलेला हात आठवतो. तरीही बहुतेक लेख फिरून फिरून प्रार्थनेपाशी येतात. ते तिथवर कसे येतात, त्याविषयी मला थोडे लिहायचे आहे.

वडील हयात असतात तोवर श्रद्धा त्यांची असते. आपण तिच्या सावलीत वावरतो. रविवारी ते मिस्साला निघतात म्हणून आपणही निघतो, संध्याकाळी ते माळ हातात घेतात म्हणून आपणही गुडघे टेकतो. आयुष्यभर ते आपल्याकडून काहीतरी मागत असतात, बहुधा न बोलता, आणि आपण होकारही देत नाही, नकारही देत नाही. मग एके दिवशी विचारणारा माणूसच राहत नाही. उत्तर मात्र आपल्याकडे राहून जाते. हे लेख वाचून माझी अशी खात्री झाली आहे की वडिलांच्या माघारी सापडणारी श्रद्धा म्हणजे हेच उशिरा दिलेले उत्तर असते.

असे उत्तर मराठी जगात एका मुलीने दिले होते. तिची गोष्ट या पुस्तकाच्या उंबरठ्यावर सांगायलाच हवी.

१८७४ साल, दक्षिणेतला दुष्काळ. अनंतशास्त्री डोंगरे हे वृद्ध पुराणिक बायकोमुलांसह तीर्थयात्रा करत हिंडत होते. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांचा रोष पत्करलेला हा माणूस. त्यांची धाकटी मुलगी रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. भागवत आणि इतर ग्रंथ तिला मुखोद्गत होते. पैसा संपला, भांडीकुंडी विकून झाली, अन्न मिळेनासे झाले. हात पसरायचा नाही हा शास्त्रीबुवांचा बाणा होता. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर त्यांचे शरीर थकले. अखेरच्या क्षणी त्यांनी रमेला जवळ घेतले आणि सांगितले, की तू माझी सर्वांत लाडकी लेक, तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. मृत्यूपूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, त्यामुळे देहाला अग्नी द्यायचा नव्हता, पुरायचे होते. खांदा द्यायला कुणी नव्हते. मुलाने, श्रीनिवासने, वडिलांचा देह धोतरात बांधला आणि एकट्याने दोन मैल वाहून नेला. थोड्याच दिवसांत आईही गेली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. पुढे कलकत्त्यात पंडितांकडून सन्मान, भावाचा मृत्यू, लग्न, वैधव्य, पुणे, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींची आई होऊन त्या राहिल्या. वडिलांच्या मृत्यूला दोन तपे होत आली असताना, १८९७ च्या दुष्काळात, त्यांनी ते जुने दिवस लिहून काढले. त्यात एका जागी त्या थेट गेलेल्या वडिलांशी बोलतात. वडिलांनी मरताना जे मागितले त्याला त्या क्षणी आपल्या तोंडून होकार निघू शकला नव्हता. आता मात्र मी हो म्हणू शकते, अशा आशयाचे ते बोलणे आहे.

मला हा मजकूर फार मोलाचा वाटतो. अनंतशास्त्री हिंदू होते आणि हिंदू म्हणूनच गेले. मुलगी ख्रिस्ती झाली. या दोघांत एक भिंत उभी राहिली, असे त्या काळी अनेकांनी मानले, आजही मानतात. रमाबाईंना स्वतःला तसे वाटले नाही. आपण वडिलांचीच आज्ञा पाळली, त्यांनी आपल्यासाठी केलेली प्रार्थनाच ऐकली गेली, असे त्यांना वाटत होते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. ते उत्तर तोंडावर यायला एवढी वर्षे लागली. तोवर त्यांनी भूक पाहिली, प्रेतांमागून प्रेते पाहिली, शास्त्रे पारखली, भांडण केले, देश ओलांडला. उपाशी मुलींच्या ओळी समोर आल्या तेव्हा त्यांना आपला बाप पुन्हा दिसला. दुःखाने त्यांना ज्या रस्त्यावर सोडले होते, त्याच रस्त्यावर त्या दुसऱ्यांना उचलायला उभ्या राहिल्या. पुढे, १९२१ च्या जुलैत, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाही त्यांच्या आधी गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ साली छापून बाहेर पडले.

आता वसईकडे येऊ. रमाबाईंच्या वडिलांना खांदा द्यायला कुणी मिळाले नव्हते. आपल्याकडे नेमके उलटे असते. चर्चची घंटा संथ वाजू लागली की आळीतली माणसे कामे टाकून विचारू लागतात, कोण गेले? तासाभरात ओसरीवर बाकडी लागतात, मांडव पडतो, कुणीतरी फादरांकडे, कुणी शवपेटीच्या कामाला गेलेले असते. घरच्यांना चूल पेटवावी लागत नाही, शेजारच्या घरांतून जेवण येते. संध्याकाळी रोझरीला घर भरते. जे वर्षभर बांधावरून भांडत होते तेही मागच्या ओळीत बसून माळ म्हणतात. मग महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी कबरी धुऊन त्यांवर फुले आणि मेणबत्त्या. एरवी पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजाराला जाणारी मोगऱ्याची आणि सोनचाफ्याची फुले त्या दिवशी आपल्याच मातीवर वाहिली जातात.

या चालीरीतींकडे केवळ रिवाज म्हणून पाहणारी माणसे आहेत, आणि तरुणपणी मीही त्यांना तेवढेच समजे. पण या लेखांत पुन्हा पुन्हा एकच अनुभव येतो. पहिल्या दिवसांत लेकराला विश्वास ठेवता येत नाही. त्याचे ओठ हलत नाहीत. त्या काळात गाव त्याच्या वतीने विश्वास ठेवते. माळेचा अर्धा भाग घरचे म्हणतात, उरलेला जमलेली माणसे म्हणतात. घरच्यांचा आवाज गेला तर जमलेली माणसे दोन्ही अर्धे म्हणून घेतात. एका लेखिकेने लिहिले आहे की आठवडाभर आपण एकही प्रार्थना केली नाही, आपल्या घरात मात्र एकही संध्याकाळ प्रार्थनेवाचून गेली नाही. वसईच्या श्रद्धेची ताकद मला या वाक्यात दिसते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता इथून गेली. ती गेल्यावरही ही श्रद्धा घराघरांतून टिकली ती अशाच, एकमेकांच्या आधाराने म्हटलेल्या प्रार्थनांनी.

माळेविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना देवाला बाप म्हणून हाक मारते. पाच रहस्यांच्या एका माळेत ती सहा वेळा येते. माझे बाबा गेले त्यानंतरच्या संध्याकाळी त्या पहिल्याच हाकेला माझा गळा दाटून येई आणि बाकीची प्रार्थना इतरांबरोबर पुढे निघून जाई. ज्याला मी ही हाक मारत आलो तो माणूस चर्चमागच्या दफनभूमीत होता. ती हाक आता कुणाला मारायची, हे मला समजत नव्हते. समजावणारेही पुष्कळ भेटले. देवाची इच्छा, चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात, वगैरे. या वाक्यांनी मला कधीच बळ दिले नाही आणि ती कुणी शोकाकुल माणसाला म्हणू नयेत असे मला मनापासून वाटते. बळ मिळाले ते योहानच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातून. लाजर मेला आहे. येशूला निरोप जाऊनही तो दोन दिवस उशीर करतो. तो पोचतो तेव्हा मार्था त्याला तोंडावर सुनावते, की तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. पुढे तिची बहीण मरियाही तेच म्हणते. येशू त्यांना गप्प करत नाही. त्यांच्याबरोबर कबरीकडे जातो आणि रडतो. थोड्या वेळाने आपण काय करणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडतो. ज्या देवाला रडू येते त्याला बाप म्हणून हाक मारता येते, इथवर यायला मला बरेच महिने लागले. पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करू नका असे लिहिलेले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच त्याचे सांगणे आहे. डोळ्यांतल्या पाण्याला त्याने मनाई केलेली नाही.

चर्चने आपल्या अंत्यविधीतही ही आशा उशिराच, पण ठामपणे आणली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दफनविधीत फादर काळी वस्त्रे घालत, विधी लॅटिनमध्ये होई, आणि न्यायाच्या दिवसाचे भय सांगणारे 'दिएस इरे' हे गीत गाइले जाई. मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यातले किती कळत असेल! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ठरवले की अंत्यविधीतून पास्काचे, म्हणजे मरणातून जीवनाकडे जाण्याचे रहस्य अधिक स्पष्ट दिसले पाहिजे. त्याप्रमाणे १९६९ साली नवा विधी आला. तेव्हापासून शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती जळते, पेटीवर तीर्थ शिंपडतात ते स्नानसंस्काराची आठवण म्हणून, आणि सगळे मराठीत होते. मला हा फार मोठा बदल वाटतो. आपल्या बापाला निरोप देताना देवाचे शब्द आपल्या भाषेत कानावर पडावेत, ही साधी गोष्ट आहे आणि ती इथल्या कितीतरी पिढ्यांना मिळाली नाही.

या भाषेसाठी आपल्या मातीतल्या एका माणसाने आयुष्य वेचले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध मराठीत बायबल आणले आणि २०१३ साली साहित्य अकादमीने त्या भाषांतराचा सन्मान केला. या पुस्तकातले कितीतरी लेखक वडिलांच्या जाण्यानंतर जे बायबल उघडतात ते हेच. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले तेव्हा वसई ज्या रीतीने रडली, त्यात एका घराच्या नव्हे तर अख्ख्या टापूच्या बापाचे जाणे होते.

काही लेख २०२० आणि २०२१ मधले, करोनाच्या काळातले आहेत. ते वाचताना मी वारंवार थांबलो. अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा होती. खोकणाऱ्या बापाला रुग्णवाहिकेत बसवले तेवढेच शेवटचे दर्शन झालेली मुले आहेत. ना रोझरीला घर भरले, ना मूठभर माती टाकता आली, ना कुणी जेवण घेऊन आले. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर. ज्या आधाराविषयी मी वर इतके लिहिले तोच या घरांकडून काढून घेतला गेला होता, आणि म्हणून या लेखांतला शोक वेगळा आहे. तो अजून ओला आहे. तरी त्यातल्या एका मुलाने केलेली गोष्ट मला विसरता येत नाही. निर्बंध उठल्यावर त्याने ज्या ज्या घरी अशी मृत्यूची घटना घडली होती त्या घरांत जाऊन रोझरी म्हणायला सुरुवात केली. स्वतःच्या वडिलांसाठी जे झाले नाही ते त्याने दुसऱ्यांच्या वडिलांसाठी केले. रमाबाईंच्या केडगावशी याचे नाते मला स्पष्ट दिसते.

शोकाविषयी हल्ली शास्त्रीय भाषेतही बरेच बोलले जाते. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या पाच पायऱ्या आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतही फिरतात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या त्या मुळात मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून; मागे राहिलेल्यांसाठीचे ते वेळापत्रक नव्हते. आपण तिसऱ्या पायरीवर अडकलो म्हणून कासावीस झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी सांगतो, की असा जिना कुठेही नाही. त्यानंतर १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. गेलेल्या माणसाशी नाते तोडणे म्हणजे बरे होणे नव्हे. ते नाते रूप बदलून चालू राहते आणि त्यात काही आजार नाही. आपल्या श्रद्धेच्या अंगीकारात संतसमागमावरचा विश्वास आपण दर रविवारी बोलून दाखवतो. जिवंत आणि मृत एकाच कुटुंबात आहेत, एकमेकांसाठी प्रार्थना करू शकतात. अभ्यासकांनी जिथवर यायला इतकी वर्षे घेतली, तिथे आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या.

संत ऑगस्टीनचे उदाहरण या संदर्भात मला फार जवळचे वाटते. त्याची आई मोनिका ३८७ साली ओस्तिया बंदरात गेली, तेव्हाचा त्याचा शोक प्रसिद्ध आहे. वडील पॅट्रिशियस मात्र तो सोळा-सतरा वर्षांचा असतानाच गेले होते, आणि आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात त्या मृत्यूचा उल्लेख तो ओझरता करून पुढे जातो. बापलेकांत फारशी जवळीक नव्हती. पण नवव्या भागाच्या शेवटी, आईची हकीकत संपवताना, तो वाचकांना विनवतो की वेदीपाशी मोनिकाची आठवण करा, आणि तिच्याबरोबर पॅट्रिशियसचीही. एवढ्या वर्षांनी वडिलांचे नाव तो प्रार्थनेत घेतो. ज्यांचे वडिलांशी पटले नाही अशा तीन-चार जणांचे लेख या पुस्तकात आहेत; प्रेमळ बापाविषयीचे लेख वाचून झाल्यावर ते जरूर वाचावेत. त्यांची आशा अधिक कष्टाने मिळवलेली आहे.

आणि हे सगळे वसईत घडते आहे, म्हणजे या घडीच्या वसईत. गेलेल्या वडिलांची पिढी बहुतांशी वाडीतली होती. केळी, पानवेली, फुले, भाजी. बावखलांचे, म्हणजे वाडीतल्या तळ्यांचे, आणि विहिरींचे पाणी. घरात कादोडी किंवा वाडवळी बोली, देवाशी मात्र शुद्ध मराठी. माझे बाबा केळीशी बोलत ती भाषा आणि क्रूसापुढे बोलत ती भाषा वेगळी होती, आणि दोन्हींत ते सारखेच खरे होते. त्यांची मुले विरार लोकलने चर्चगेटला जाणारी, काही कॅनडा-आखातात गेलेली. बाप जातो तेव्हा माणसाबरोबर पाणी कधी सोडायचे हे ज्ञान जाते, झाडांची नावे जातात, बोली जाते, आणि बरेचदा पाठोपाठ वाडीही जाते. या पुस्तकातला शोक म्हणूनच दुहेरी आहे. विकलेल्या वाडीबद्दल लिहिताना लेखकांचा हात जास्त थरथरतो, हे मला नोंदवले पाहिजे. पुनरुत्थानाची आशा देहाची आहे, मातीची आहे, केवळ आत्म्याची नाही, हे ख्रिस्ती शिकवणुकीतले अत्यंत धीट विधान आहे. जखमांसकट उठलेला ख्रिस्त शिष्यांना सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून देतो. ज्यांच्या बापांचे हात मातीने भरलेले असत, त्यांना ही आशा कळायला फार पांडित्य लागत नाही.

एका लेखाविषयी लिहून थांबतो. बाकीचे लेख कुठेतरी उजेडाला लागतात, हा लागत नाही. लेखिकेचे वडील अपघातात गेले, ती प्रार्थना करते, तिला उत्तर येत नाही, आणि लेख तिथेच संपतो. आशेवरच्या पुस्तकात हा कशाला, असे विचारले गेले. मी तो ठेवावा म्हणून आग्रह धरला. स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही असेच आहे. त्याच्या अखेरीस दिलासा नाही, अंधार आहे. तरी ते कुणी बायबलमधून काढले नाही, आणि चर्चच्या दैनंदिन प्रार्थनेत ते दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी म्हटले जाते. तिचा लेख या पुस्तकात आहे, आणि तो शेवटी टाकलेला नाही, मधोमध ठेवला आहे. दोन्ही बाजूंना तिचे शेजारी आहेत.